हिब्रू शास्त्रातलं जनावर नेमकं कोणतं, हे कसं शोधायचं

हिब्रू शास्त्र म्हणजे बायबलचा जुना करार. त्यातल्या मीखा ह्या संदेष्ट्याच्या पुस्तकातलं, पहिल्या अध्यायातलं १६ वं वचन काढा. तिथे यहूदाच्या राज्याला सांगितलंय की तुझी लाडकी मुलं बंदिवासात गेली, आता शोक कर, डोकं भादर आणि नेशेर ह्या पक्ष्यासारखं टक्कल वाढव. नेशेरचं भाषांतर जवळपास सगळीकडे गरुड असं केलेलं आहे. पण गरुडाला टक्कल नसतं, त्याच्या डोक्यावर आणि मानेवर चांगली भरगच्च पिसं असतात. टक्कल दिसतं ते गिधाडाचं. त्या भागातलं जे मोठं गिधाड आहे, ग्रिफन व्हल्चर, त्याच्या डोक्यामानेवर नुसती पांढरट लव असते आणि लांबून बघितलं तर ते सरळ भादरल्यासारखंच वाटतं. म्हणजे लिहिणाऱ्याने पक्षी नीट बघितलेला होता, घोटाळा झाला तो भाषांतरात.

माझं ह्या विषयातलं सगळं वाचन ह्या एका वचनापासून सुरू झालं आणि तेव्हापासून मी एकच नियम धरून आहे: जनावराचं नाव काय छापलंय ते आधी बघायचं नाही, ते जनावर त्या वचनात काय करतंय ते बघायचं. खातं काय, राहतं कुठे, आवाज कसा काढतं, अंगावर काय आहे. नावं भाषांतर करणाऱ्यांच्या हातून बदलत गेली, पण वर्णन बऱ्यापैकी जसंच्या तसं राहिलंय.

तर पहिलं काम, मूळ हिब्रू शब्द शोधा. त्यासाठी हिब्रू यायलाच पाहिजे असं नाही. शब्दाखाली शब्द दिलेली इंटरलिनियर आवृत्ती घ्या किंवा स्ट्राँगचे नंबर (प्रत्येक मूळ शब्दाला दिलेला ठराविक आकडा) असलेलं कुठलंही बायबल अ‍ॅप चालेल, नेशेरचा नंबर ५४०४ आहे, त्यावर टॅप केलं की हा शब्द शास्त्रात जिथे जिथे आलाय ती सगळी वचनं समोर येतात. भाषांतरातला शब्द टाकून सर्च करू नका, कारण एकाच हिब्रू शब्दाला तीन ठिकाणी तीन नावं दिलेली सापडतात आणि तीन वेगळ्या शब्दांना एकच नाव दिलेलंही सापडतं. सिंहाचंच बघा ना, हिब्रूत आर्ये, लावी, लायिश, शाखाल, केफीर, गूर असे सहा शब्द आहेत, त्यातला गूर म्हणजे छावा आणि केफीर म्हणजे शिकार करू लागलेला तरुण सिंह. भाषांतरात हे बरंचसं सपाट होऊन जातं.

अजून एक बारीक गोष्ट. हिब्रू आवृत्तीतले वचनांचे आकडे आणि आपल्याकडच्या बायबलमधले आकडे काही ठिकाणी जुळत नाहीत. लिव्याथान ह्या पाण्यातल्या अक्राळविक्राळ जनावराचं वर्णन आपल्याकडे ईयोब ४१:१ ला सुरू होतं, हिब्रूत तेच ४०:२५. शलमोनाच्या जेवणातल्या हरणांची यादी आपल्याकडे १ राजे ४:२३, हिब्रूत ५:३. वचन सापडत नसेल तर मागेपुढे बघा, घाबरून जाऊ नका.

आता शब्द मिळाला की तो अक्षर न अक्षर तपासा, कारण इथे एक मोठा सापळा आहे. तन म्हणजे कोल्हा, त्याचं अनेकवचन तन्नीम. आणि तन्नीन म्हणजे मोठा सर्प, मगर किंवा समुद्रातलं अक्राळविक्राळ जनावर. तन्नीम आणि तन्नीन, एका अक्षराचा फरक, त्यामुळे १६११ च्या किंग जेम्स ह्या इंग्रजी भाषांतरात ओसाड गावांमधून रडणारे कोल्हे चक्क ड्रॅगन झालेत. मीखा १:८ मध्ये संदेष्टा म्हणतो मी तन्नीमसारखा आक्रोश करीन, आणि आपल्याला मराठीत कोल्हेकुई हा शब्दच आहे म्हटल्यावर जास्त काही समजावायला लागत नाही.

ह्यातलं सगळ्यात सुंदर वचन विलापगीत ४:३ आहे. तिथे हिब्रू मजकुरात तन्नीन लिहिलंय आणि बाजूला जुन्या लेखनिकांची नोंद आहे की वाचताना तन्नीम वाचा. वचन म्हणतं की तेसुद्धा स्तन पुढे करतात, आपल्या पिल्लांना दूध पाजतात. झालं की मग! दूध पाजतं ते सस्तन प्राणी, सर्प नाही आणि मगर तर नाहीच, म्हणजे कोल्हाच. बाजूची नोंद बरोबर होती हे वचनच सांगतंय. आणि ह्याच्या अगदी उलटं यहेज्केल २९:३ मध्ये झालंय, तिथे अक्षरं तन्नीमची आहेत पण ते जनावर नाईलच्या पाण्यात पसरलेलं आहे आणि त्याची तुलना मिसरच्या राजाशी चाललीय, नदीत कोल्हा कशाला पसरेल, म्हणून तिथे तन्नीन वाचायचं. दोन्हीकडे निकाल वागण्यावरून आणि राहण्याच्या जागेवरून लागला.

सगळी वचनं एकत्र आली की वहीत एक पान करा. मी चार रकाने आखते: वचन, जनावर काय करतं, कुठे दिसतं, शेजारी कोण आहे. नेशेरचं पान भरून बघा. ईयोब ३९:२७-३० मध्ये तो उंच कड्यावर घरटं करतो, तिथून लांबवरचं खाणं त्याला दिसतं, आणि जिथे मेलेले पडलेत तिथे तो हजर. कडा आणि मुडदे, दोन्ही गिधाडाचं. पण हबक्कूक १:८ मध्ये नेशेर खायला झडप घालतो, ते गरुडाला जास्त शोभतं. म्हणून बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं असं की हा शब्द मोठ्या शिकारी पक्ष्यांसाठी जरा सैलपणे वापरला जायचा आणि त्याच्या मध्यभागी गिधाड होतं. मला हे पटतं. एका शब्दाला एकच शास्त्रीय नाव चिकटवायचा हट्ट करू नका, त्या लोकांनी पक्ष्यांच्या जाती आपल्यासारख्या वेगळ्या केलेल्या नव्हत्या.

हे वर्गीकरणाचं जरा समजून घ्या कारण इथे खूप वाद होतात आणि उगाच होतात. लेवीय ११ मध्ये वटवाघूळ पक्ष्यांच्या यादीत आहे. कारण त्यांच्या दृष्टीने उडतं ते त्या गटात. त्याच अध्यायात शाफान आणि ससा रवंथ करतात असं लिहिलंय, आणि आजच्या प्राणीशास्त्राप्रमाणे दोघंही रवंथ करणारे नाहीत. पण दोघांचे जबडे सारखे हलत असतात, बघणाऱ्याला ते चघळल्यासारखंच दिसतं, ससा तर स्वतःची मऊ लेंडी परत खातो. म्हणजे डोळ्यांना दिसणारी खूण दिलीय, तिला ओळखण्यासाठी वापरा, जीवशास्त्राच्या परीक्षेला बसवू नका. अजून एक गंमत म्हणजे तिनशेमेत हे नाव त्याच अध्यायात दोनदा येतं, ११:१८ ला पक्ष्यांमध्ये आणि ११:३० ला सरड्यांमध्ये. शब्दाचं मूळ श्वास घेणं ह्या धातूत आहे, त्यामुळे पक्षी असेल तो बहुधा फुसफुसणारं घुबड आणि दुसरा अंग फुगवणारा सरडा, कॅमेलिऑन, असा तर्क केला जातो. एक नाव दोन प्राणी असू शकतात, हे लक्षात ठेवा.

शाफानबद्दल थोडं थांबते कारण शिकायला हे सगळ्यात चांगलं उदाहरण आहे. हा शब्द जनावर म्हणून फक्त चार ठिकाणी आहे. लेवीय आणि अनुवाद ह्या पुस्तकांत तो खायचा नाही म्हणून सांगितलाय, स्तोत्र १०४:१८ मध्ये खडक त्याचा आसरा आहे, आणि नीतिसूत्रे ३०:२६ मध्ये तो दुबळा आहे पण घर खडकात करतो. आता धर्मसुधारक ल्यूथरने जर्मन भाषांतरात ससुल्यासारखं बीळ करणारं रॅबिट लिहिलं आणि किंग जेम्सने कोनी, ज्याचा तेव्हाचा अर्थ तोच, पण रॅबिट मातीत बीळ करतं, आणि मुख्य म्हणजे ते त्या प्रदेशातलं मूळचं जनावरच नाही. खडकांत कळप करून राहणारं, सशाएवढं, बिनशेपटीचं, लहान गोल कानांचं एक जनावर मृत समुद्राच्या काठच्या एन-गेदीला आजही उन्हात दगडांवर बसलेलं दिसतं, रॉक हायरॅक्स. आपल्याकडे त्याला नाव नाही, म्हणून हायरॅक्सच म्हणूया. त्याचे जवळचे नातेवाईक हत्ती आहेत हे वाचून मला फार आश्चर्य वाटलं होतं. वर स्तोत्र १०४:१८ मध्ये त्याच्या जोडीला याएल आहे, म्हणजे उंच डोंगरावरचा रानबोकड, आणि १ शमुवेल २४ मध्ये दावीद शौल राजापासून लपतो तेव्हा त्या जागेचं नाव काय, तर एन-गेदीजवळचे याएलींचे खडक. हे रानबोकड, न्यूबियन आयबेक्स, त्या खडकांवर अजून चढतात. एका वचनातली दोन्ही जनावरं आजही एकाच कड्यावर सापडतात, ह्याहून पक्का पुरावा काय पाहिजे.

शेजारी कोण आहे ह्या रकान्याचं महत्त्व ह्यातूनच कळतं. हिब्रू कविता एकच गोष्ट दोन ओळींत दोनदा सांगते, दुसऱ्या ओळीत त्याच जातकुळीतलं दुसरं नाव घेते. ह्याचा उपयोग रेएमसाठी करा. रेएम नऊ वेळा येतो आणि किंग जेम्समध्ये तो युनिकॉर्न आहे, एका शिंगाचा घोडा, आणि ह्यावरून लोक अजून विचारतात की बायबलमध्ये काल्पनिक प्राणी आहे का. स्तोत्र २९:६ मध्ये पर्वत वासरासारखे उड्या मारतात, रेएमच्या पिल्लासारखे. अनुवाद ३३:१७ मध्ये पहिल्या ओळीत बैलाचा प्रथमजात, दुसऱ्या ओळीत रेएमची शिंगं, आणि शिंगं अनेकवचनात आहेत, रेएम एकवचनात. यशया ३४:७ मध्ये तो गोऱ्ह्यांच्या आणि बैलांच्या सोबत पडतो. आणि ईयोब ३९:९-१२ मध्ये देव विचारतो, रेएम तुझ्या गव्हाणीपाशी रात्र काढेल का, तुझ्या नांगराला जुंपता येईल का, तुझं धान्य खळ्यावर आणेल का? हा प्रश्न बैलासारख्या जनावराबद्दलच विचारता येतो, जे दिसतं आपल्या बैलासारखं पण माणसाच्या हाती लागत नाही. म्हणजे रानबैल, ऑरॉक्स, आपल्या पाळीव गुरांचा पूर्वज. तो जगातून नाहीसा झाला १६२७ मध्ये, शेवटची गाय पोलंडच्या यक्तोरूव जंगलात मेली. भाषांतर करणाऱ्यांनी जनावर बघितलेलंच नव्हतं, त्यांना बोल कसा लावणार.

इथेच पुढची पायरी येते, बहीण-भाषा. हिब्रूच्या जवळच्या भाषा म्हणजे अरबी, अरामी आणि जुनी अक्कादी. अक्कादीत रीमू म्हणजे रानबैल, आणि बॅबिलोनच्या इश्तार वेशीवर नबुखद्नेस्सर राजाने जे बैल घडवून घेतले त्यांना त्याच्या लेखात हाच शब्द आहे. असीरियाच्या राजांची रानबैलाची शिकार निमरूद ह्या त्यांच्या राजधानीतल्या शिल्पांत दगडावर कोरलेली आहे. पण सावध राहा, अरबीत रीम म्हणजे पांढुरकं हरीण! शब्द तोच, वाळवंटात जाऊन जनावर बदललं, कारण तिथे रानबैल नव्हते. म्हणून बहीण-भाषेचा शब्द हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही, त्याची साक्ष वचनाशी जुळली तरच घ्यायची. जिथे जुळते तिथे मात्र मजा येते. त्सवी म्हणजे गझेल, आपल्या चिंकाऱ्याच्या कुळातलं हरीण. अरबीत झबी, अरामीत तब्या, आणि म्हणून प्रेषितांची कृत्ये ९:३६ मध्ये यापोच्या तबीथाला ग्रीकमध्ये दुर्कस म्हटलंय, दोन्हीचा अर्थ गझेलच.

शलमोनाच्या जहाजांतून आलेले कोफ, १ राजे १०:२२, म्हणजे माकडं, हा शब्द वाचताना आपल्याला लगेच कपी आठवतो आणि बऱ्याच अभ्यासकांनाही आठवला. मात्र जुन्या मिसरी भाषेतही माकडाला मिळताजुळता शब्द आहे, त्यामुळे नुसत्या आवाजावरून जहाज कुठल्या बंदरातून आलं ते ठरवू नका. त्याच वचनातला तुक्की, मोर, हा तमिळ तोकैशी जोडला जातो, मोराचा पिसारा.

जुनी भाषांतरं वाचायची ती असं विचारून, की लिहिणारा बसला कुठे होता? सेप्टुअजिंट, म्हणजे हिब्रू शास्त्राचं जुनं ग्रीक भाषांतर, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात सुरू झालं, मिसरमध्ये, त्यामुळे अनुवाद १४:५ मधल्या झेमेर ह्या जनावराला त्यांनी जिराफ लिहिलं. मिसरच्या लोकांना जिराफ दक्षिणेकडून आणलेलं बघून माहीत होतं, पण रोजच्या जेवणात काय चालतं ह्या यादीत, त्या डोंगराळ मुलखात, जिराफ कुठून येणार. किंग जेम्सने त्याच झेमेरला शामवा केलं, जे युरोपच्या उंच पर्वतांचं जनावर. प्रत्येकाने आपल्या ओळखीतलं जवळचं काहीतरी घेतलं. आपली मराठीही ह्यातून सुटलेली नाही. शुआल ह्या दुसऱ्या हिब्रू शब्दाला आपण कोल्हा म्हणतो आणि तनलाही कोल्हाच, खरं तर फॉक्सला मराठीत खोकड हा स्वतंत्र शब्द आहे पण बोलण्यात कोणी वापरत नाही. शमशोनाने शास्ते १५:४ मध्ये ३०० शुआल धरून शेपटीला शेपटी बांधली, तेव्हा ते खोकड की कोल्हे? खोकड एकेकटं फिरतं, कोल्हे टोळीने, म्हणून तिथे कोल्हे जास्त बसतात. स्तोत्र ६३:१० मध्ये शुआल मुडदे खातात, तेही कोल्ह्याचं. पण गीतरत्न २:१५ मधले द्राक्षमळे नासवणारे छोटे शुआल, तिथे दोन्ही चालतील, दोघंही फळं खातात. मी दोन्ही लिहून ठेवते.

मग जमीन तपासा. ते जनावर तिथे राहायचं का? आज दिसत नाही म्हणजे तेव्हा नव्हतं असं अजिबात नाही. सिंह त्या मुलखात क्रुसेडच्या, म्हणजे मध्ययुगातल्या धर्मयुद्धांच्या, काळाच्या आसपासपर्यंत होते. अस्वलं, ज्यांनी २ राजे २:२४ मध्ये मुलांना फाडलं, ती सीरियन तपकिरी अस्वलं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत त्या भागात टिकून होती. ईयोब ३९:५ चं रानगाढव, सीरियन जातीचं, त्यातलं शेवटचं माहीत असलेलं १९२७ मध्ये व्हिएन्नाच्या प्राणिसंग्रहालयात मेलं, आज नेगेवच्या वाळवंटात जी फिरतात ती दुसऱ्या जवळच्या जातींची आणून सोडलेली आहेत. मगरी कार्मेल डोंगराच्या दक्षिणेला एका नदीत विसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत होत्या, नदीचं नावच नहाल तन्नीनीम. आणि किनाऱ्याजवळच्या तेल कासिले ह्या जुन्या वस्तीच्या उत्खननात लोहयुगातल्या थरांत पाणघोड्याची हाडं मिळाली आहेत, म्हणजे राजांच्या काळाच्या आगेमागे पाणघोडा किनाऱ्यावर होता.

ही हाडं बेहेमोथ ह्या प्रचंड जनावरासाठी फार महत्त्वाची. ईयोब ४०:१५ पासून तो बैलासारखं गवत खातो, कमळाच्या सावलीत, बोरूच्या आडोशाला आणि दलदलीत निजतो, नदी चढली तरी बिचकत नाही. हे सगळं पाणघोड्याचं. अडतं फक्त गंधसरूसारख्या शेपटीपाशी, पाणघोड्याची शेपूट एवढीशी असते. लिव्याथानचं अजून अवघड आहे. खवले, दात, पाण्यातली चाल हे मगरीचं, पण तोंडातून आग निघते, स्तोत्र ७४:१४ मध्ये त्याला अनेक डोकी आहेत, आणि सीरियात रास शमरा इथे १९२९ पासून जे उगारित ह्या प्राचीन शहराचे लेख सापडले त्यात सात डोक्यांचा सर्प लितान आहे, ज्याची विशेषणं यशया २७:१ मध्ये जवळपास तशीच लिव्याथानला लावली आहेत. म्हणजे तिथे कवी एका जुन्या कथेतल्या जनावराला हाक मारतोय आणि अंगावर मगरीचे खवले घालतोय. अशा वेळी प्राणिसंग्रहालयातला पिंजरा शोधत बसू नका, दोन्ही गोष्टी पानावर लिहा.

आजचा हिब्रू शब्दकोश हा मात्र सगळ्यात गोड वाटणारा सापळा आहे. विसाव्या शतकात इस्राएल अहरोनीसारख्या प्राणीशास्त्रज्ञांनी जुने शब्द घेऊन प्राण्यांना नावं ठरवली. काही अगदी नेमकी बसली, आजही नेशेर म्हणजे ग्रिफन गिधाडच. पण तुक्की आज पोपट आहे, आणि तेओ, ज्याच्याकडे मी शेवटी येते, आज म्हैस. आजच्या हिब्रूत असं म्हणतात हा पुरावा धरू नका.

पानाच्या खाली शेवटी खात्री लिहायची, मी तीनच शब्द वापरते: पक्कं, बहुतेक, रिकामं. याएल, शाफान, नामेर म्हणजे बिबट्या, हे पक्के. नेशेर आणि रेएम माझ्या लेखी पक्के, नेशेरच्या पानावर एक जास्तीची ओळ. शुआल बहुतेक. निवासमंडपावर, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूवर, घातलेलं ताखाशचं कातडं मात्र रिकामं, कारण त्या वचनांत जनावर काहीच करत नाही, नुसतं कातडं आहे. अरबी शब्दावरून कोणी डॉल्फिन किंवा ड्यूगाँग (समुद्रगाय) म्हटलं, किंग जेम्सने बॅजर, आणि अक्कादी दुशूवरून काही अभ्यासक म्हणतात की ते जनावर नाहीच, ती कातड्यावरच्या कामाची किंवा रंगाची जात आहे.

सुरुवात याएलपासून करा, मग शाफान, मग रेएम, हात बसतो. तेओपाशी मी अजून थांबलेली आहे. अनुवाद १४:५ आणि यशया ५१:२०, दोनच वचनं. खूर दुभंगलेले, रवंथ करतो, खायला चालतो, शिकारी त्याला जाळ्यात धरतात. ग्रीक भाषांतराने ओरिक्स म्हटलं, म्हणजे लांब शिंगांचं वाळवंटी हरीण, अरामी भाषांतराने रानबैल. शेजारी हरणं. खात्रीच्या जागी: रिकामं.